उलटे महिने

कोणतीही वस्तू हातात आली की तो ती आधी पोटाशी घट्ट धरायचा. दुधाचा खोका असो, छत्री असो, नाहीतर लाँड्रीतून आणलेला शर्ट. बोटं वस्तूच्या टोकावर, तळवा खाली, कोपरापर्यंतचा हात आडवा, वरून दंड आणि आतून बरगड्या. "पाच जागा, मॅम," तो मला समजावायचा. "पाचही जागा लागल्या पाहिजेत. एक जरी सुटली तर वस्तू तुमची राहिली नाही."

आमची ओळख झाली तेव्हा ती वस्तू म्हणजे माझी पाच किलो तांदळाची पिशवी होती. इमारतीच्या लिफ्टची तपासणी चालू होती आणि मी सहाव्या मजल्याचा विचार करत जिन्याच्या पायथ्याशी उभी होते. मागून कोणी तरी इंग्रजीत "मी घेऊ का?" म्हणालं. त्याने पिशवी घेतली, काखेत दाबली आणि प्रत्येक वळणावर कोणी तरी ती हिसकावायला टपून बसलं आहे अशा बेताने सहा मजले चढला. दाराशी पोचल्यावर मी म्हटलं, "अरे, इथे कोणी तांदूळ चोरत नाही."

तो लाजला. "सवय, मॅम. मी यावरच पोट भरतो."

ओजस, रेवा, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझा फुटबॉलवाला कुठे गेला?" मी म्हटलं, "अमेरिकेला, घरी," आणि लगेच तुमच्या गणिताच्या पेपरवर आले. विषय बदलायची मला सवय नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून आता नीट, क्रमाने लिहिते. तुम्ही त्याला पडद्यावर पाहिलं आहे, त्याच्याबरोबर हसला आहात, तेव्हा तुम्हालाही कळायला हवं. त्याचं नाव लिहीत नाही. ते लिहू का, असं विचारायला तो आता समोर नाही.

तुमच्या मुक्ताआत्याच्या कंपनीने टोकियोजवळच्या उरायासुमधलं हे घर दिलं. त्याला त्याच्या कंपनीने आमच्यापासून दोन दारं सोडून घर दिलं होतं. वय एकोणतीस. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका लहान गावचा, कृष्णवर्णीय, उंचीला बेताचा. माझ्यापेक्षा वीतभरच उंच. पण मांड्या अशा की आमच्या जपानी खुर्चीतून तो उठायचा तेव्हा खुर्चीही त्याच्याबरोबर उठायची. मुक्ता म्हणायची, "आई, तो आला की स्टूल दे."

तो खेळायचा तो तुमचा फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, खांद्यांवर कवच चढवून खेळतात तो अमेरिकन फुटबॉल. त्यात तो रनिंग बॅक होता. म्हणजे चेंडू पोटाशी धरायचा आणि समोरच्या गर्दीतून वाट काढत पळायचं. मला ते कबड्डीवरून कळलं. कबड्डीतली चढाई समजा, फक्त परत यायचं नाही, आणि समोरचे नुसते पकडत नाहीत, आडवं करतात.

त्याची हकीकत त्याने मला एका बैठकीत सांगितली नाही. थालिपीठ खाता खाता तुकड्यातुकड्याने सांगितली. तिकडे दर वसंतात मोठे क्लब कॉलेजमधल्या मुलांतून आपापले खेळाडू निवडतात. सात फेऱ्या, तीन दिवस, सगळं टीव्हीवर. त्या तीन दिवसांसाठी त्याच्या आईने मोठा केक करून घेतला होता. त्यावर त्याचं नाव होतं आणि नावाखाली जागा मोकळी होती. क्लबचं नाव कळलं की तिथे क्रीमने लिहायचं ठरलं होतं. सगळे नातेवाईक सोफ्यावर, सोफ्याच्या हातांवर, जमिनीवर. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. काकांचा होता. 'फोन आला का?' असं विचारायला त्यांनी केला होता.

"मग केकचं काय झालं?" मी विचारलं.

"खाल्ला, मॅम. छान होता."

ज्याला कोणीच निवडलं नाही त्याला 'अनड्राफ्टेड' म्हणतात. आमच्या वेळी नावापुढे बी. ए. लागायचं, तसा हा शब्द त्याच्या नावाला कायमचा लागला. अशा मुलांनाही उन्हाळी सरावाला बोलावतात, आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी त्यातल्या बहुतेकांना घरी पाठवतात. त्याला तीन क्लबांनी बोलावलं आणि तिघांनीही परत पाठवलं. मधल्या काळात एकदाच, एका खऱ्या सामन्यात, त्याच्या हातात दोनदा चेंडू आला. एकूण सात यार्ड.

"सात यार्ड म्हणजे किती रे?"

तो उठला, दार उघडून बाहेरच्या व्हरांड्यात गेला आणि लिफ्टपासून पावलं मोजत आमच्या दाराच्या थोडा पुढे येऊन थांबला. "इतके, मॅम. हे माझे. हे नोंदलेले आहेत."

त्यानंतर एक छोटी लीग, जी अर्ध्या हंगामात बंद पडली. ती बातमी खेळाडूंना हॉटेलात नाश्ता करताना कळली. मग कॅनडा. मग जपान. इथे संघ कंपन्यांचे असतात. परदेशी खेळाडू मोजकेच घेतात, बाकी सगळे नोकरदार. त्याच्यापुढे भिंत होऊन उभा राहणारा आडदांड गडी सोमवार ते शुक्रवार विम्याचे अर्ज तपासायचा. हा स्वतः सकाळी कंपनीत बसून इंग्रजी पत्रं सुधारायचा. त्यातली दोन मी पाहिली होती. मी त्याला दहापैकी पाच दिले. तो म्हणाला, "ऑफिसात सांगू नका, मॅम."

आता बुधवारांबद्दल.

तुमच्या आजोबांची शेवटची दोन वर्षं तुम्हाला आठवत नसतील. त्यांना माझं नाव आठवेनासं झालं होतं. तेव्हापासून मी रोज सकाळी डोक्याचा व्यायाम करते. इथे समुद्राच्या भिंतीलगत बाक आहेत. तिथे बसून मी एकोणतीसचा पाढा खालून वर म्हणते, महाराष्ट्रातले जिल्हे शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत, आणि इंग्रजी महिने उलटे. जूनमधल्या एका सकाळी तो धावत येत होता. माझ्यासमोरून पुढे गेला, थांबला, मागे आला.

"मॅम, तुम्ही महिने उलटे म्हणत होता?"

"हो."

"न अडखळता?"

"झोपेतून उठवलंस तरी म्हणेन."

तो थोडा वेळ धापा टाकत उभा राहिला. मग म्हणाला, "मला शिकवाल?"

मी सदतीस वर्षं शाळेत शिकवलं. आपणहून 'मला शिकवाल?' म्हणणारी मुलं मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. मी का, कशासाठी, काही विचारलं नाही. त्याने आपणच सांगितलं की त्यांच्या खेळात डावांची जाडजूड वही पाठ करावी लागते, इथे ती अर्धी जपानीत असते, म्हणून स्मरणशक्ती वाढवायची आहे. मला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं. मुक्ता म्हणाली, "आई, तुला इथेही विद्यार्थी सापडला म्हणायचा."

दर बुधवारी संध्याकाळी पाच. मी नेहमीप्रमाणे वही घातली: तारीख, धडा, चुका. काय शिकायचं हे मात्र तोच ठरवायचा. मी आकडे सांगायचे, त्याने उलटे म्हणायचे. आधी चार, मग पाच, मग सहा. मी दहा शब्द एकदा वाचायचे, त्याने लगेच म्हणायचे आणि दहा मिनिटांनी पुन्हा म्हणायचे. आणि महिने. हे सगळं बसून जमायला लागल्यावर त्याला ते एका पायावर उभं राहून, डोळे मिटून करायचं होतं. "धावणाऱ्याला तोल लागतो, मॅम." मला गंमत वाटली. इतका कष्टाळू विद्यार्थी!

मी त्याला आपल्या पद्धतीने शिकवलं. आपण पाढे कसे पाठ करतो? अर्थ बाजूला ठेवून, तालावर. बारा महिन्यांचे मी चार-चारचे तीन तुकडे केले. डिसेंबर-नोव्हेंबर-ऑक्टोबर-सप्टेंबर, श्वास. ऑगस्ट-जुलै-जून-मे, श्वास. एप्रिल-मार्च-फेब्रुवारी-जानेवारी. प्रत्येक महिन्याला मांडीवर एक बोट. मी त्याला काय सांगायचे ते शब्दशः लिहिते, कारण ते माझेच शब्द आहेत आणि ते मला लपवायचे नाहीत. "डोक्यावर अवलंबून राहू नकोस. जिभेला पाठ करून दे. ताप असू दे, झोप असू दे, डोकं जागेवर नसू दे, जीभ आपोआप म्हणत राहिली पाहिजे."

"डोकं जागेवर नसलं तरी?" त्याने एकदा विचारलं.

"तरी," मी म्हटलं.

तो इतका खूष झाला की त्याने त्या दिवशी चौथं थालिपीठ घेतलं.

काही बुधवारी तो आल्या आल्या म्हणायचा, "मॅम, मोठा दिवा बंद केला तर चालेल?" एकदा त्याने शेजारच्या जपानी बाईंची घंटा वाजवली. मग त्यांची माफी मागून माझ्याकडे आला आणि म्हणाला, इथली सगळी दारं सारखीच. तेही खरं होतं. ऑगस्टमधल्या एका पानावर माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे: 'आज लक्ष नव्हतं. शब्द दहापैकी चार.' त्या दिवशी मी त्याला रागावले. "चार? लाज वाटली पाहिजे." त्याने मान खाली घातली आणि दहाच्या दहा येईपर्यंत तो उठला नाही. मधे दोनदा त्याने कपाळ टेबलाला टेकलं. मला वाटलं, ऑफिसातून थकून आलाय.

त्याच्या पुढच्याच बुधवारी तुमचा फोन आला होता. मी म्हटलं, "माझा विद्यार्थी बघा," आणि फोन त्याच्याकडे वळवला. तो डोळे मिटून, एका पायावर, बगळ्यासारखा उभा राहून महिने म्हणत होता. तुम्ही लोळून लोळून हसलात. ओजसने तिथल्या तिथे नक्कल केली आणि सोफ्यावर आपटला. तोही हसला. मी तर सगळ्यात मोठ्याने हसले.

ऑक्टोबरमध्ये त्याने आम्हा दोघींना सामन्याची तिकिटं दिली. रविवारची दुपार, छान ऊन, आणि जागा त्यांच्या बाकांच्या अगदी मागे, दुसऱ्या रांगेत. मुक्ता फोनवर नियम वाचून मला समजावत होती. तो धावायचा तेव्हा खरंच बघत राहावंसं वाटायचं. दोन माणसांच्या मधे हात घालायला जागा नाही, आणि हा तिथून बाहेर पडलेला.

दुसऱ्या भागात त्याला दोघांनी दोन बाजूंनी गाठलं. नारळ फोडल्यासारखा आवाज आला. आम्हाला तो वरपर्यंत ऐकू आला. तो उठला, फार पटकन उठला, आणि चालायला लागला. चालला होता तो समोरच्या संघाच्या बाकांकडे. त्याच्या एका साथीदाराने खांद्याला धरून त्याला वळवलं.

संघाचे डॉक्टर त्याला बाजूला घेऊन आले, बरोबर आमच्या खाली. मी वाकून पाहत होते. डॉक्टर इंग्रजीत विचारत होते: मैदान कोणतं, गुण किती. उत्तर देताना त्याची नजर डॉक्टरांच्या खांद्यावरून गुणफलकाकडे जाऊन येत होती. मग डॉक्टरांनी चार आकडे सांगितले. त्याने ते उलटे म्हटले. मग तो डोळे मिटून एका पायावर उभा राहिला. मग महिने. मला ओठ दिसत होते आणि मांडीवरची बोटंही. डिसेंबर-नोव्हेंबर-ऑक्टोबर-सप्टेंबर. श्वास. अगदी माझ्या जागी श्वास. शेवटच्या जानेवारीपर्यंत एकही चूक नाही.

"शाब्बास!" मी ओरडले. टाळ्याही वाजवल्या. त्याने वर पाहिलं आणि अंगठा दाखवला.

मुक्ताने माझा हात धरून खाली ओढला. "आई, हे तू शिकवलंस?"

"मग! दर बुधवारी काय करतो आम्ही?"

तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आई, ही परीक्षा आहे. डोक्याला मार लागलाय का ते बघायची. यात चुकला असता तर त्याला बसवलं असतं."

माझ्या टाळ्या हवेतच राहिल्या. खाली डॉक्टरांनी मान डोलावली आणि तो हेल्मेट चढवून पुन्हा मैदानात गेला. मी उभी राहिले. मला काही तरी ओरडायचं होतं, पण कोणाला आणि कोणत्या भाषेत? मागच्या माणसाने फार नम्रपणे मला बसायला सांगितलं आणि मी बसले. याची मला आजही लाज वाटते. त्यानंतर तो आणखी नऊ वेळा चेंडू घेऊन धावला. मी मोजलं. नऊ वेळा तो खाली पडला आणि नऊ वेळा उठला. संघ जिंकला. सगळे खेळाडू एका रांगेत उभे राहून प्रेक्षकांना वाकले, तोही वाकला.

आम्ही फाटकाशी थांबलो. तासाभराने तो आला. अंघोळ झालेली, केस ओले, बॅग काखेत. आम्हाला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"अरे वा, वेळेवर आलात! सुरू व्हायला अजून अर्धा तास आहे. पुढेच बसा हं मॅम, मागून काही दिसत नाही."

आमच्या भोवतीने लोक घरी चालले होते. एक सफाई कामगार रिकाम्या बाटल्या गोळा करत होता. मुक्ताने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली.

"मॅच झाली, बाळा," मी म्हटलं. "तुम्ही जिंकलात."

त्याने रिकाम्या मैदानाकडे पाहिलं. मग हसला. "गंमत केली, मॅम." आणि थोड्या वेळाने, हळूच, "किती गुणांनी?"

सोमवारी सकाळी त्यानेच घंटा वाजवली. बसला नाही, दारातच उभा राहिला. उन्हाळ्यापासून ही तिसरी वेळ, त्याने सांगितलं. डोकं दुखतं, उजेड सोसत नाही, पण परीक्षा तो दर वेळी पास होतो. "तुमच्यामुळे," तो म्हणाला. त्याला ते आभार वाटत होते. तीन आठवड्यांनी अमेरिकेतल्या एका क्लबचा माणूस त्याचा खेळ बघायला येणार होता. चार वर्षांत पहिल्यांदा.

"मॅम, या बुधवारी आपण सात आकडे करू."

"नाही."

"ज्यांना निवडलेलं असतं ना, त्यांना लागलं तर क्लब महिना-महिना थांबतो. माझ्यासाठी कोणी थांबत नाही. मी एक आठवडा बसलो की माझ्या जागी दुसरा. एवढे तीन आठवडे, मॅम. मग मी स्वतः सांगतो."

"तुझ्या आईला माहीत आहे?"

तो अगदी सभ्यपणे म्हणाला, "तुम्ही माझ्या आई नाही आहात."

"नाही. मी तुझी शिक्षिका आहे. म्हणूनच विचारते."

तो गेला. त्या आठवड्यात मुक्ता आणि मी रोज भांडलो. तिचं म्हणणंही खोटं नव्हतं. "आई, त्याचा व्हिसा त्या कंपनीवर आहे. घर त्यांचं आहे. तू एक शब्द बोललीस की त्याचं सगळं गेलं. आणि इथे असं परस्पर कोणी जाऊन सांगत नाही."

"मग इथे काय करतात?"

बुधवारी पाच वाजता घंटा वाजली. मी दार उघडलं नाही. दाराच्या भिंगातून पाहिलं, तो बराच वेळ वाट पाहत उभा होता, आणि उभ्या उभ्या त्याचे ओठ हलत होते.

शनिवारी मी वही पिशवीत घातली आणि दोन ट्रेन बदलून त्यांच्या सरावाच्या मैदानावर गेले. मुक्ता बरोबर आली. रस्ताभर बोलली नाही, पण आली. संघाच्या ट्रेनर म्हणजे खेळाडूंच्या दुखण्याखुपण्याकडे बघणाऱ्या एक जपानी बाई होत्या, लहानखुऱ्या, चांगलं इंग्रजी बोलणाऱ्या. मी वही त्यांच्या हातात दिली. आकडे, शब्द, महिने, श्वास कुठे घ्यायचा, सगळं तारीखवार होतं. त्यांनी पान न् पान उलटलं. ऑगस्टमधल्या त्या पानावर त्या थांबल्या. मग वही मिटून त्यांनी माझ्यापुढे मान खाली घातली आणि "सुमिमासेन" म्हणाल्या. माफी मागायची ती मी, आणि मागत होत्या त्या.

मी म्हटलं, "त्याला मी न शिकवलेलं काही तरी विचारा."

त्यांनी त्याला हाक मारली. तो कुंपणाजवळ आला, मला पाहिलं, ट्रेनरच्या हातातली वही पाहिली. मग हनुवटीचा पट्टा सोडून हेल्मेट काढलं.

"काही विशेष नाही," ट्रेनर म्हणाल्या. "आठवड्याचे वार सांग. रविवारपासून, उलटे."

त्याला हसू आलं. इतकं सोपं! त्याने हेल्मेट एका हातात घेतलं आणि दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर टेकवली.

"रविवार, शनिवार, शुक्रवार, गुरुवार," तो म्हणाला. श्वास घेतला. "ऑगस्ट, जुलै, जून, मे." श्वास. "एप्रिल, मार्च, फेब्रुवारी, जानेवारी."

आणि थांबला. एका दमात, तालात, सगळं पूर्ण केल्यासारखा. त्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बुधवारी पाहायचा तसंच, शाबासकीसाठी.

मागे मैदानात शिट्टी वाजत होती. मुक्ताने तोंडावर हात धरला होता.

"काय झालं, मॅम?" तो म्हणाला. "बरोबर आहे ना?"

सदतीस वर्षांत मी हजारो मुलांना चूक सांगितली असेल. त्या दिवशी मी नुसती वहीकडे पाहत राहिले. त्याला ते माझ्या चेहऱ्यावरून कळलं. त्याने पुन्हा सुरुवात केली, या वेळी सावकाश. रविवार, शनिवार, शुक्रवार, गुरुवार. तिथे तो अडला. पुढचा वार त्याला सापडेना. गुरुवार, तो पुन्हा म्हणाला. गुरुवार. मग ट्रेनरबाईंनी त्याच्या हातातलं हेल्मेट हळूच काढून घेतलं.

इस्पितळात दोन दिवस तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, या हंगामात नाही, आणि यापुढे कुठल्याच हंगामात नाही. अमेरिकेतला तो माणूस आलाच नाही, त्याला कळवलं गेलं. कंपनीने मात्र घर लगेच सोडायला सांगितलं नाही. बरं वाटेपर्यंत राहू दे म्हणाले. मुक्ताने ही बातमी आणली तेव्हा ती माझ्याजवळ बसून रडली.

ओजस, तू एका पायावर उभं राहून केलेली नक्कल अजून सगळ्यांना करून दाखवतोस, असं तुझी आई म्हणाली. तुझी त्यात काही चूक नाही. पण आता तुला माहीत असावं.

तो पडदे ओढून घरात पडून असायचा. फोन नाही, टीव्ही नाही. वासानेसुद्धा त्याला मळमळतं असं ट्रेनरबाईंनी कळवलं होतं, म्हणून मी मुगाची मऊ खिचडी करायची, बिनफोडणीची, आणि डबा त्याच्या दाराच्या मुठीला अडकवून यायची. घंटा वाजवायची नाही. पहिले तीन दिवस डबा संध्याकाळी आमच्या मुठीला परत आला, भरलेला, झाकणसुद्धा न उघडलेला. चौथ्या दिवशी मुक्ता म्हणाली, "आई, तो रागावलाय. सोड आता." मी म्हटलं, रागावू दे की. रागवायला त्याला मी आहे ना. चौथ्या दिवशी अर्धी खिचडी संपलेली होती. पुढे डबा रिकामा यायला लागला. दार मात्र त्याने एकदाही उघडलं नाही, आणि व्हरांड्यात समोर आलो तर तो भिंतीला हात लावत, माझ्याकडे न पाहता निघून जायचा. एकदा मात्र, पुढे गेल्यावर, पाठमोराच म्हणाला, "मीठ कमी होतं, मॅम." दुसऱ्या दिवशी मी चमचाभर जास्त घातलं.

नोव्हेंबरच्या शेवटी त्याची बहीण त्याला न्यायला आली. आम्हाला ती येणार हे माहीत होतं, निघायचा दिवस माहीत नव्हता. एका सकाळी मी कचरा ठेवायला दार उघडलं तर मुठीला डबा होता. घासलेला. झाकण उघडलं तर आत पाण्याचे थेंब होते. म्हणजे तो आत्ताच गेला होता. मी लिफ्टकडे धावले. आकडा तळमजल्यावर होता.

जिन्याच्या खिडकीतून खालचा रस्ता दिसतो, पलीकडे विमानतळाच्या बसचा थांबा. बहीण दोन बॅगा ओढत पुढे होती, तो मागे. पायी चालणाऱ्यांचा सिग्नल हिरवा झाला, इथे हिरव्या दिव्याबरोबर वाजतो तो पक्ष्याचा आवाज सुरू झाला. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. बहीण मध्यापर्यंत गेली आणि वळून पाहिलं. तो काठावरच उभा होता. दिव्याकडे बघत होता, पण निघत नव्हता. तिने बॅगा तिथेच, रस्त्याच्या मधोमध सोडल्या, परत आली आणि त्याचा कोपर धरला. तेव्हा त्याने आधी खाली पाहिलं, मग पुढे, आणि एक पाय उचलला.

ते दोघं बॅगांपर्यंत पोचले तेव्हा हिरवा दिवा लुकलुकू लागला होता.